शब्दचर्चा : ‘निस्तार’ – कोशातला आणि बंदोबस्ताच्या कागदांतला

प्रश्न (महाल, नागपूर) :
नमस्कार. पूर्व विदर्भातील खेड्यांच्या सामाजिक इतिहासासाठी येथील एका संशोधन ग्रंथालयात ब्रिटिशकालीन मध्य प्रांताच्या जमीन बंदोबस्ताचे, म्हणजे जमिनीची पाहणी करून हक्क व सारा ठरवण्याच्या कामाचे, जुने अहवाल आणि काही गावांचे ‘वाजिब-उल-अर्ज’, म्हणजे गावच्या चालीरीतींच्या नोंदी, वाचत आहे. त्यांत ‘निस्तार’ हा शब्द पानोपानी भेटतो : निस्ताराचे लाकूड, निस्तारापुरती माती, निस्ताराचा तलाव. कोशांत मात्र ‘तरून जाणे, सुटका, उद्धार’ असेच अर्थ मिळतात. जळाऊ लाकडाचा उद्धाराशी काय संबंध, आणि लेखात या शब्दाला प्रतिशब्द द्यावा की तो तसाच ठेवावा?

प्रतिसाद (धंतोली) :
शब्द एकच आहे. ‘निस्’ आणि ‘तॄ’ मिळून ‘पार पडणे’ हा मूळ अर्थ होतो, आणि ‘केलेले निस्तरावे लागते’ असे आपण रोज म्हणतो त्यातही तोच आहे. महसुली कागदांतला निस्तार म्हणजे घरगुती गरज पार पडणे, निभाव लागणे, आणि त्यापुढे जाऊन तो निभाव लागावा म्हणून गावाच्या जंगलातून, पडीक जमिनीतून व पाण्यातून गावकऱ्यांनी घ्यायच्या वस्तू व त्या घेण्याची वहिवाट. सरपण, घराच्या आढ्याला व नांगराला लागणारे लाकूड, बांबू, गवत, चराई, मुरूम, माती हे सारे त्यात येते. छत्तीसगडात आंघोळीच्या व धुण्याच्या तळ्याला आजही ‘निस्तारी तालाब’ म्हणतात. तो प्रदेश भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे मध्य प्रांतात आपल्याबरोबरच होता, हे येथे विसरू नये.

प्रतिशब्द देऊ नये असे माझे मत आहे. ‘वनोपजाचा वापर’ म्हटले की चराई आणि माती गळते, आणि ‘सामाईक हक्क’ म्हटले की ज्यावर त्या काळी वाद होता तेच आपण आधीच ठरवून टाकतो.

प्रतिसाद (रामदासपेठ) :
शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडतो, कारण समाजेतिहासाच्या दृष्टीने या कागदांतले खरे धन तेथेच आहे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातील बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली. तोपर्यंत सारावसुलीचे काम पाहणारा मनुष्य अशा रीतीने गावच्या हद्दीतील जंगलाचाही मालक झाला, आणि कुळांनी तेथून आणायचे लाकूड ‘कोणाचे’ हा प्रश्न निर्माण झाला. वाजिब-उल-अर्ज हा त्या प्रश्नावरचा कागद आहे.

म्हणून ‘निस्तार’ या नामापेक्षा त्याच्या पुढे येणारे क्रियापद टिपून ठेवावे. रयत लाकूड ‘नेते’, रयतेस लाकूड ‘मिळते’ आणि मालगुजार लाकूड ‘नेऊ देतात’ ही तीन वाक्ये एकाच वस्तूबद्दल असली तरी पहिल्यात वहिवाट आहे, दुसरे संदिग्ध आहे आणि तिसऱ्यात मेहरबानी आहे. माहिती सांगायला कोण बसले होते, हे क्रियापदावरून बरेचदा ओळखू येते. दुसरे असे की कारागिरांच्या ओळी सोडू नयेत. कुंभाराची माती, लोहाराचा कोळसा, बुरडाचा बांबू या सवलती वेगळ्या नोंदल्या असतील, तर त्या गावात कोणता धंदा धरून होता हे तेथेच कळते. सरपणाच्या नोंदीत ‘रयत’ हा एकच शब्द असतो. मोळी डोक्यावरून आणणारी बाई मात्र कागदावर दिसत नाही. तिच्यासाठी दुसरीकडे, विशेषतः जंगल गुन्ह्यांच्या नोंदींत, शोध घ्यावा लागतो.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. क्रियापदांचा मुद्दा हाताशी असलेल्या पानांना लावून पाहिला. एका गावच्या कागदात सरपणाच्या कलमात ‘नेतात’ आहे, आणि लगेच खालच्या इमारती लाकडाच्या कलमात ‘मालगुजारास विचारून’ हे शब्द आले आहेत. म्हणजे वहिवाट आणि मेहरबानी यांची सीमा वाळल्या फांदीपाशी आणि उभ्या झाडापाशी पडलेली दिसते. एक उपप्रश्न : वऱ्हाडच्या जुन्या महसुली कागदांत हा शब्द मला जवळजवळ सापडत नाही, तो का?

प्रतिसाद (धंतोली) :
वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे सरकारने थेट शेतकऱ्याशी केलेला, बंदोबस्त झाला. मध्ये मालगुजार नाही, तेव्हा त्याच्याशी करावयाचा निस्ताराचा करारही नाही. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले तरी दोन्हीकडील महसुली शब्द बराच काळ वेगळे राहिले. तेथे हा शब्द शोधण्यापेक्षा गुरचरण, ‘ई-क्लास’ (सरकारी पडीक व चराईची जमीन) अशा नोंदी पाहाव्यात.

प्रतिसाद (मूळ भंडारा, सध्या सीताबर्डी) :
आमच्याकडे हा शब्द जुना झालेला नाही. निस्तार हक्क, निस्ताराचा बांबू हे बुरडांच्या तोंडी नेहमीचे आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तिच्या तळ्यांना सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव पडले आणि त्याचे संक्षिप्त रूप होऊन ते ‘मामा तलाव’ झाले. कोणाचे मामा, असे बाहेरचे लोक हमखास विचारतात.

प्रतिसाद (रामदासपेठ) :
कायद्यातही शब्द टिकला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ या दोन्ही नावांची कलमे आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्कांच्या यादीत निस्तार, ‘मग तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो’ अशा आशयाने, नावानिशी येतो. त्या कायद्याच्या नियमांनुसार गॅझेटियर आणि बंदोबस्ताचे अहवाल दाव्याच्या पुराव्यात धरता येतात. त्यामुळे आपण ज्या कपाटासमोर बसला आहात तेथे ग्रामसभांची माणसेही नकला मागायला येऊ शकतात. आपल्या टिपणांत गावाच्या नावासोबत जुना परगणा, तहसील आणि बंदोबस्ताचे वर्ष अवश्य लिहावे, कारण एकाच नावाची गावे पुष्कळ आहेत आणि तहसिलींच्या हद्दी पुढे बदलल्या आहेत.