मंत्रिपद सोडून गेलेले हाइनेमान राष्ट्राध्यक्ष कसे झाले?

वाचनवेडा:
जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांविषयी वाचतोय. गुस्ताव हाइनेमान (१९६९ ते १९७४) आधी पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर (सरकारप्रमुख) आदेनाउअर यांचे गृहमंत्री होते. ते पद सोडल्यावर दुसऱ्याच पक्षातून राष्ट्राध्यक्ष कसे झाले? तिथे या पदाला मान मोठा, अधिकार बेताचे. मग जुने लोक त्यांचं नाव इतक्या आदराने का घेतात?

एसेनकर मृण्मयी:
माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात! मी राहते त्या एसेनचे ते १९४६ ते १९४९ महापौर होते, तेही बाँबहल्ल्यांनी गाव उद्ध्वस्त झालेलं असताना. मूळचे वकील, एका पोलाद कंपनीचे कायदेशीर सल्लागार. नाझींपुढे मान तुकवायला नकार देणाऱ्या प्रोटेस्टंट गटाची पत्रकं हिटलरच्या राज्यात त्यांच्या घराच्या तळघरात छापली जात.

१९५० मध्ये आदेनाउअर यांनी मंत्रिमंडळाला न विचारता अमेरिकेला जर्मन सैन्य देऊ केलं. हाइनेमान यांनी थेट राजीनामा दिला. देवाने दोनदा आपल्या हातातून शस्त्रं काढून घेतली, तिसऱ्यांदा ती उचलायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सैन्य उभं राहिलं की देशाची फाळणी पक्की होईल, ही भीती. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, पण १९५३ च्या निवडणुकीत त्याला जेमतेम १.२ टक्के मतं पडली. १९५७ मध्ये तो पक्ष विसर्जित करून ते समाजवादी लोकशाही पक्षात गेले आणि १९६६ मध्ये कायदामंत्री झाले. मधली ती वर्षं मला सगळ्यात मोलाची वाटतात. सत्तेत परत जाण्यासाठी त्यांनी मत बदललं नाही.

एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थी नेता रुडी डुश्के याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि देश पेटला. तेव्हा कायदामंत्री म्हणून त्यांनी लोकांना सांगितलं की दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली तीन बोटं आपल्याकडे वळलेली असतात. आपल्याकडच्या आज्याही हेच सांगतात. पण त्या तापलेल्या आठवड्यात सरकारातल्या माणसाने हे बोलायला छाती लागते.

कायद्याचा विद्यार्थी:
निवडणुकीचं मी सांगतो. ५ मार्च १९६९, पश्चिम बर्लिन. मतदानाच्या दोन फेऱ्या निकालाविना गेल्या, तिसरीत हाइनेमान ५१२, गेऱ्हार्ड श्र्योडर ५०६. (हे श्र्योडर वेगळे, पुढे चॅन्सेलर झालेले नव्हेत.) फ्री डेमोक्रॅट पक्षाने साथ दिली म्हणून जमलं. त्याच वर्षी त्याच दोन पक्षांच्या बळावर विली ब्रांट चॅन्सेलर झाले.

वाचनवेडा:
आभार! राष्ट्राध्यक्ष म्हणून नेमकं काय केलं?

एसेनकर मृण्मयी:
युद्धानंतर नेदरलँड्सच्या अधिकृत भेटीवर गेलेले ते पहिले जर्मन राष्ट्राध्यक्ष. जखमा ओल्या होत्या, तरी गेले. १८४८-४९ च्या क्रांतीत स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांची आठवण राहावी म्हणून त्यांनी राश्टाटच्या राजवाड्यात स्मृतिस्थळ उभं करवलं. दुसऱ्यांदा उभे मात्र राहिले नाहीत. आणि "तुमचं या राज्यावर प्रेम नाही का?" या प्रश्नावर त्यांनी दिलेलं उत्तर मला तोंडपाठ आहे: मी राज्यांवर प्रेम करत नाही, माझ्या बायकोवर करतो. त्या हिल्डाबाईंविषयीही जरूर वाचा. मतिमंद लोकांसाठी त्यांनी संस्था काढली होती.