वेंगुर्ल्याच्या घरातील वाकवलेल्या लाकडाची जुनी खुर्ची: काळ आणि कारखाना ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरातील एका जुन्या खुर्चीचा काळ आणि तिचे मूळ ठिकाण निश्चित करण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. घराची वाटणी होत आहे, आणि खुर्ची कोणाकडेही गेली तरी तिची खरी माहिती तिच्यासोबत लिहून द्यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण आजवर तिच्याबद्दल सांगितले जाते ते एकमेकांशी मुळीच जुळत नाही. घरातील वडीलधारी मंडळी ती डच वखारीतून आली असे सांगतात. जुने सामान विकत घेणारे एक गृहस्थ ती पाहताच पोर्तुगीज काळातली म्हणाले. माझ्या आत्याचे म्हणणे मात्र असे की, मुंबईत पेढीवर नोकरीला असलेल्या पणजोबांनी ती आगबोटीने पाठवली आणि पडावातून बंदरावर उतरवून घेतली. मला आत्याचेच म्हणणे खरे वाटते, आणि त्याची कारणे खुर्चीतच आहेत.

खुर्ची बिनहातांची, गोल बैठकीची आणि वजनाला अगदी हलकी आहे. मागचे दोन्ही पाय आणि पाठ मिळून एकच अखंड दांडी आहे. ती खालून वर जाऊन कमानीसारखी वळते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. तिच्या आत दुसरी लहान कमान आणि बैठकीखाली चारही पायांना धरून ठेवणारे एक कडे आहे. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत बसलेल्यांना हा घाट लगेच ओळखू येईल. भाग एकमेकांना स्क्रू आणि नटबोल्टने जोडलेले आहेत. मुख्य म्हणजे, पॉलिश उडालेल्या जागी भिंगातून पाहिले असता लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळत गेलेल्या दिसतात. रुंद फळीतून कमान कापून काढली असती, तर त्या रेषा वळणावर तुटल्या असत्या. म्हणजे हे लाकूड कापलेले नसून वाकवलेले आहे.

बैठकीच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश कधी पोहोचलेच नाही, तिथे लाकूड फिकट गुलाबीसर असून त्यावर तिळाहून बारीक, लांबट तपकिरी ठिपके आहेत. सागवान, शिसवी किंवा फणस हे नक्कीच नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे ते युरोपातील बीच नावाच्या झाडाचे लाकूड आहे. बीचच्या दांड्या वाफवायच्या, वळणाच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी आवळायची म्हणजे तंतू ताणून फाटत नाहीत, आणि मग साच्यात वाकवून सुकवायच्या, ही पद्धत व्हिएन्नाचे फर्निचर कारखानदार मिखाएल थोनेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कारखान्यात रुळवली. त्यांची प्रसिद्ध १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ ची. सुट्या भागांच्या अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून त्या जहाजाने दूरदूर जाऊ शकल्या. वेंगुर्ल्याची डच वखार सतराव्या शतकातली. तेव्हा या घाटाची खुर्ची तिथे असणे शक्य नाही.

आता खरी अडचण. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला कागदी लेबलाचा तुकडा चिकटलेला आहे. त्यावर रोमन लिपीतील ‘ओ-एच-एन’ ही एका शब्दाची शेवटची अक्षरे आणि त्याखाली ‘वीन’, म्हणजे व्हिएन्ना, एवढेच वाचता येते. थोनेट यांचे पेटंट १८६९ मध्ये संपल्यावर याच धर्तीच्या खुर्च्या बनवू लागलेल्या याकोब आणि योसेफ कोन यांच्या कंपनीचे हे लेबल असावे असा माझा तर्क आहे. ही कंपनी १९१४ मध्ये मुंडुस कंपनीत विलीन झाली, त्यामुळे खुर्ची त्याआधीची असावी असे वाटते. परंतु विलीनीकरणानंतरही जुन्या नावाची लेबले काही काळ वापरली गेली का, यावर सगळे अवलंबून आहे. नुसत्या व्हिएन्नाच्या उल्लेखावरून काळ ठरत नाही, कारण ते शहर महायुद्धाच्या आधीही ऑस्ट्रियात होते आणि नंतरही. लेबलाशेजारी लाकडात तापलेल्या ठशाने उमटवलेले काही आकडे आहेत, पण पहिला आकडा स्क्रूच्या भोकात गेला आहे. हे आकडे नमुन्याचे असतात की कारखान्याचे, हे कोणी सांगू शकेल का?

वेताच्या विणीवरून मात्र काही ठरवू नये, अशी विनंती आहे. कड्याला भोके पाडून त्यांतून वेत ओवलेला आहे, पण आताची वीण जाड आणि सैल असून ती नंतर कोणीतरी इथेच करून घेतली असणार.

दुसरा प्रश्न तातडीचा आहे. पुढच्या एका पायाला कीड लागली असून सकाळी खाली बारीक पीठ पडलेले दिसते. आमच्या पॉलिशवाल्यांचा सल्ला असा की, सगळे जुने पॉलिश कॉस्टिकने काढून, कीडनाशक पाजून नवे फ्रेंच पॉलिश करावे. ते अनुभवी आहेत, परंतु त्यात लेबल आणि ठसा दोन्ही जातील, म्हणून मी त्यांना थांबवले आहे. लेबल जागेवर ठेवून फक्त त्या पायावर उपचार करता येईल का, आणि कोकणच्या दमट हवेत असा उपचार टिकतो का, हे स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया लिहावे. सिंधुदुर्ग, गोवा किंवा कोल्हापूर भागात भोकांतून हाताने वेत विणणारे कारागीर आजही काम करत असतील, तर तेही कळवावे.

आपल्या घरी अशी खुर्ची असेल, तर ती उलटी करून कड्याच्या आत पाहावे. पूर्ण लेबल कोणाकडे असल्यास त्यावरील ओळी आणि शेजारच्या ठशाचे आकडे जसेच्या तसे इथे लिहावेत; आमचा अर्धा तुकडा त्यांच्याशी ताडून पाहता येईल.