मदत हवी आहे : भाचीचे लग्न आणि जीएसटीची २० तारीख

सप्रेम नमस्कार. मी घरून, ऑनलाइन पद्धतीने, लहान व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे काम करतो. डिसेंबरात गुहागरच्या समुद्रकिनाऱ्यावर, सुरूच्या बनालगत, भाचीचे लग्न आहे आणि नवरीला अंतरपाटापर्यंत आणण्याचा मान मामाचा असल्यामुळे त्या दिवसांत लॅपटॉप उघडून बसणे मला मुळीच शोभणार नाही. अडचण अशी की, मुहूर्त १९ तारखेचा असून मासिक जीएसटीआर-३बी (महिन्याची विक्री व भरायचा कर यांचा गोषवारा देणारे विवरणपत्र) भरण्याची मुदत २० तारखेला संपते. जीएसटीआर-२बी (खरेदीवर भरलेल्या कराची किती वजावट मिळेल हे दाखवणारा पोर्टलवरचा तक्ता) १४ तारखेला तयार होत असल्याने मधले मोजकेच दिवस हाती राहतात, आणि उशीर झाल्यास विलंब शुल्क व थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज व्यापाऱ्यालाच भरावे लागते. सर्वांकडून कर १६ तारखेपर्यंत भरून घ्यावा असे मनात आहे. परंतु काही जण शेवटच्या दिवसाआधी पैशांना हात लावत नाहीत (हा अनुभव आपल्यालाही असेलच). अशांचे काम दुसऱ्या करसल्लागाराकडे सोपवायचे, तर विवरणपत्र दाखल करतानाचा ओटीपी व्यापाऱ्याच्याच मोबाइलवर येत असल्याने तिघांचा मेळ कसा घालावा? त्या सल्लागाराला जीएसटी पोर्टलचा पासवर्ड देण्यापूर्वी व्यापाऱ्याची लेखी संमती कोणत्या शब्दांत घ्यावी आणि मेहनतान्याची वाटणी कशी ठरवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.