मदत हवी आहे: आयर्लंडमधलं 'मॅलिक' नावाचं गाव नेमकं कुठे?

मुग्धा_प
नमस्कार. दोन महिने झाले, एका गावाच्या मागे लागले आहे आणि आता खरंच थकले. गावाचं नाव मॅलिक. गूगल मॅपवर नाही, विकिपीडियावर नाही. माझ्या सासऱ्यांच्या आजीचं गाव. ती क्वीन्सटाउनहून बोटीत बसली म्हणजे कॉर्क काउंटीच असणार, म्हणून कॉर्कमधल्या गावांची अख्खी यादी वाचून काढली. काही नाही. ११ सप्टेंबरला आमचं विमान आहे. सासरे ८१ वर्षांचे आहेत, त्यांना त्या जमिनीवर एकदा उभं राहायचंय. कुणी तिकडे राहत असेल तर प्लीज लवकर सांगा.

कोकणकडा
आजीचं आडनाव काय? जन्मसाल? कॅथलिक की प्रोटेस्टंट? आणि 'मॅलिक' हे कुठल्या कागदावर वाचलंत? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

हेमंत_ना
ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण आयर्लंडची जुनी कागदपत्रं १९२२ साली जळाली. डब्लिनच्या फोर कोर्ट्स नावाच्या इमारतीला आग लागली त्यात सगळं गेलं. माझ्या मित्राने वर्षभर शोधून नाद सोडला. तुम्ही डब्लिन बघा, समुद्र बघा आणि परत या.

अनुप_डब्लिन
हेमंत, 'सगळं' गेलं नाही हो. हे ऐकून लोक शोध अर्ध्यावर टाकतात, म्हणून नीट सांगतो. १८२१ ते १८५१ च्या जनगणना आगीत गेल्या, थोडेच तुकडे वाचले. चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रोटेस्टंटांची, निम्म्याहून जास्त रजिस्टरं गेली. पण कॅथलिक रजिस्टरं ज्या त्या चर्चमध्येच होती, ती शाबूत आहेत. १ जानेवारी १८६४ पासूनची सरकारी जन्म-मृत्यू नोंद दुसरीकडे होती, तीही शाबूत. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत आणि घरबसल्या फुकट बघता येतात. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांचा त्या आगीशी संबंधच नाही. पहिल्या दोन सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, पुढच्या दोन पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्याला गेल्या.

मुग्धा, क्वीन्सटाउन हे तिचं गाव नाही, बंदर आहे. आज त्याला कोव्ह म्हणतात. अमेरिकेला जाणारी अर्धी दुनिया तिथून चढायची. मुंबई बंदरातून गेला म्हणून माणूस मुंबईचा ठरतो का? कॉर्क डोक्यातून काढून टाका आणि कोकणकडा यांनी विचारलेलं सांगा.

मुग्धा_प
सॉरी, घाईत राहिलं. नाव ब्रिजिट, पण अमेरिकेत सगळे डिलिया म्हणायचे. शिकागोच्या वर्तमानपत्रात १९५१ साली निधनवार्ता आली होती, त्यात 'नेटिव्ह ऑफ मॅलिक, आयर्लंड' असं छापलंय. तेव्हा वय ७९. कॅथलिक. आडनाव डर्किन.

रेवा_म
डीएनए टेस्ट करा! आम्ही केली. सहा आठवड्यांत माझ्या नवऱ्याचे चौथे चुलत भाऊ सापडले, त्यातल्या एकाने गावाचं नाव, घराचा फोटो, सगळं पाठवलं. कागद चाळत बसायची गरजच नाही.

कोकणकडा
डर्किन माहेरचं की सासरचं?

अनुप_डब्लिन
रेवा, डीएनए भाऊबंद दाखवतो, शिवार दाखवत नाही. आणि त्यांचं विमान सप्टेंबरात आहे.

रेवा_म
भाऊबंद सापडले की शिवार तेच दाखवतात! मी प्रत्यक्ष अनुभव सांगतेय. सासऱ्यांची टेस्ट आत्ताच करून ठेवावी, ८१ वय आहे. ते नसताना हा पुरावा पुन्हा मिळणार नाही.

अनुप_डब्लिन
हे मात्र खरं. टेस्ट जरूर करा, पण तिच्यावर थांबू नका.

जुना_दफ्तरी
मी ३२ वर्षं मोडी कागद वाचतोय, म्हणून लिहितो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात-सात पिढ्या सापडतात, कारण गाव आणि आडनाव सांगितल्याशिवाय ते वहीच उघडत नाहीत. तिथे तशी सोय नसेल तर कुलवृत्तांत कुणी केलाय का बघा. मोडी शिकायची असेल तर मी दर रविवारी ऑनलाइन विनामूल्य वर्ग घेतो.

वाईकर
दफ्तरीकाका, त्यांची आजी आयरिश आहे, मोडी कुठून येणार? पण गावाच्या नावांबद्दल मलाही लिहायचंय, मी तिथे दोन वर्षं होतो. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द, तसं त्यांच्याकडे मोर आणि बेग. मोठं आणि धाकटं. 'बॅली' म्हणजे वस्ती, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'डेरी' म्हणजे ओकची राई, 'ड्रम' म्हणजे डोंगराची सोंड. आणि 'किल' दिसलं की सावध, ते देऊळही असतं आणि रानही. मूळ आयरिशमध्ये किल आणि कोइल हे दोन वेगळे शब्द, इंग्रजीत दोन्ही एकच झाले. १८२४ ते १८४६ मध्ये मैलाला सहा इंच प्रमाणाने पूर्ण देश मोजला, तेव्हा ही नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये बसवली. जॉन ओडोनोव्हन नावाचा विद्वान गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना उच्चार विचारायचा, म्हणून निदान काही तरी धागा उरला. वांद्र्याचं बँड्रा आणि शीवचं सायन झालं ना, तेच तिथे ६० हजारांवर नावांचं झालंय.

मुग्धा_प
खूप छान माहिती, पण मला एकच नाव हवंय. डर्किन माहेरचं. आणखी एक गोष्ट आहे, उपयोगाची नसावी. तिच्या भावाच्या पत्राचं पाकीट आहे घरात. पत्र हरवलंय. शिक्क्याचा डावा भाग तिकिटाबरोबर कुणी तरी फाडून नेलाय, उजव्या कडेला 'एनईएफओआरडी' एवढंच उरलंय. लाँगफोर्ड, वॉटरफोर्ड लावून बघितलं, बसत नाही.

अनुप_डब्लिन
अहो, हे पाकीट पहिल्याच दिवशी सांगायचं होतं!

डर्किन किंवा डर्कन हे आडनाव मेयो काउंटीत दाट आहे. मेयोच्या पूर्वेला स्विनफर्ड नावाचं गाव आहे आणि जुन्या कागदांत ते 'स्वाइनफोर्ड' असं एक 'ई' जास्त घालून लिहायचे. तुमची शेवटची सहा अक्षरं तीच. आणि स्विनफर्डला लागून मीलिक नावाची पॅरिश आहे. एम, डबल ई, एल, आय, सी, के. शिकागोच्या बातमीदाराने फोनवर ऐकलं असेल 'मीलिक', छापलं 'मॅलिक'. मूळ शब्दाचा अर्थ पाण्याकाठची दलदलीची जमीन. याच नावाची ठिकाणं क्लेअरमध्ये आहेत, गॉलवेमध्ये आहेत, म्हणून नुसत्या नावावर गेला असतात तर चुकीच्या काउंटीत उभ्या राहिला असतात. पाकिटामुळे मेयो पक्कं.

लॉगानिम नावाची सरकारी नावकोशाची साइट आहे: एल, ओ, जी, ए, आय, एन, एम, डॉट आयई. तिथे बऱ्याच नावांचा उच्चारही ऐकता येतो. सासऱ्यांना ऐकवा.

मुग्धा_प
ऐकवला. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, आजी रोज रात्री मला दूध द्यायची आणि तिच्या गावाचं नाव घ्यायची, आणि लहानपणी मला वाटायचं ती 'मिल्क' म्हणतेय. 'मॅलिक' हे त्यांना कधीच पटलं नव्हतं, पण छापलेलं म्हणून कुणी बोललं नाही. मला पुढे लिहिता येत नाहीये. उद्या येते.

वाईकर
डोळ्यांत पाणी आलं.

हेमंत_ना
मीही माझे शब्द मागे घेतो. मित्राला हा धागा पाठवलाय.

शिरीष_टेक्सास
सासऱ्यांची आजी आयर्लंडमध्ये जन्मली ना? मग त्यांना फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये नाव घालून आयरिश नागरिकत्व मिळू शकतं. तुमच्या यजमानांना त्यातून मिळेलच असं नाही, आजी-आजोबांपर्यंतच ती सोय आहे.

कोकणकडा
शिरीष, ते कुणी विचारलेलं नाही. मुग्धा, काम संपलेलं नाही. पॅरिश म्हणजे आपल्या भाषेत अनेक मौजे. तुम्हाला टाउनलँड हवं, त्याच्याखाली काही नाही, तेच शिवार. आणि एक गफलत टाळा: सिव्हिल (सरकारी) पॅरिश आणि कॅथलिक (चर्चची) पॅरिश एक नसतात. तिथल्या कॅथलिक पॅरिशचं नाव 'किलकनडफ अँड मीलिक' आहे, रजिस्टर त्याच नावाने शोधा. नॅशनल लायब्ररीने २०१५ साली बरीचशी रजिस्टरं फुकट खुली केलीत, पण त्यातली बरीच लॅटिनमध्ये आहेत. ब्रिजिटचं ब्रिजिडा होतं.

अनुप_डब्लिन
लॅटिनआधी सरकारी जन्मनोंद बघा, इंग्रजीत आहे. आयरिश जीनिऑलॉजी डॉट आयई वर, नोंदणी जिल्हा स्वाइनफोर्ड, १८६७ ते १८७७. वय ७९ लिहिलंय त्यावर विसंबू नका, सगळ्यांचीच वयं पाच-सहा वर्षं इकडेतिकडे असायची. १९०९ पासून सत्तरीला पेन्शन सुरू झाली आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कितीतरी लोक चौदा-पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले दिसतात. आईचं माहेरचं आडनाव जुळलं तरच आपली ब्रिजिट समजा.

मुग्धा_प
सापडली!! १८७०. आईचं आडनाव तिच्या शिकागोच्या लग्नाच्या कागदाशी जुळतंय. वर्दी देणारी आईच आहे, सहीच्या जागी फुली आणि शेजारी 'हिची खूण'. फुलीची एक रेघ कागदात रुतल्यासारखी जाड आहे. पण जन्मस्थानाच्या रकान्यात पहिलं अक्षर सी आहे की जी तेच कळत नाही, मधे शाई पसरलीय, शेवटी 'एमओआरई' आहे.

वाईकर
मोर! म्हणजे बुद्रुक. कुठेतरी त्याचा बेगही असेल.

अनुप_डब्लिन
त्याच पानावर तोच कारकून आहे. दुसऱ्या नोंदींत कॅथरिन नावाची कुणी असेलच, तिचा सी बघा आणि शेजारी ठेवा. मग टाउनलँड्स डॉट आयई वर मीलिक पॅरिश उघडा, तिथली नावं यादीने आहेत. 'मोर'ने संपणारी तेवढी वेगळी काढा. तिथे नाही बसलं तर शेजारच्या किलकनडफ पॅरिशची यादी घ्या. शेवटी १९०१ च्या जनगणनेत त्या टाउनलँडमध्ये डर्कन घर आहे का बघा, पाकीट पाठवणारा भाऊ तिथेच सापडेल.

जुना_दफ्तरी
हे बरोबर. मोडीतही आम्ही असंच करतो, एका हाताची अक्षरं त्याच हाताशी ताडून.

मुग्धा_प
कॅथरिन आहे, वरून तिसरी. तिच्या सीला खाली छोटी गाठ आहे, आपल्याही अक्षराला तशीच. म्हणजे सी. यादी उघडून बसलेय, सासरे शेजारी भिंग घेऊन बसलेत, एकेक नाव मोठ्याने वाचतायत.