जुने, दुर्लक्षित हेवी मेटल बँड शोधायचे कसे?

रिफवेडा:
आयर्न मेडन, जुडास प्रीस्ट, सॅक्सन, डायमंड हेड, एंजल विच हे सगळं पाठ आहे. स्ट्रीमिंग ॲप फिरून फिरून त्याच बँडवर आणून सोडतं. 1980 ते 1988 मधलं पारंपरिक किंवा एपिक बाजाचं, सहसा कुणाच्या यादीत न येणारं ऐकायचंय. नुसती नावं नकोत, शोधायची पद्धत सांगा.

खालची_तार:
लोक काय काय सोबत ऐकतात, यावर ॲप शिफारस करतं. ज्या अल्बमला श्रोतेच मोजके, तो त्या हिशेबात येणार कुठून? त्यापेक्षा माणसांचा माग काढा. मेटल आर्काइव्ह्ज या मेटल बँडच्या माहितीच्या संकेतस्थळावर बँडच्या पानावर आजी-माजी वादकांची यादी असते, त्यातलं एकेक नाव उघडा.

न्यूकॅसलचा सेटन हा बँड घ्या. 'कोर्ट इन द ॲक्ट'वर (1983) गाणारा ब्रायन रॉस ब्लिट्झक्रीगचाही गायक. मग हाच बँड गायक बदलून ब्लाइंड फ्युरी झाला, 'आउट ऑफ रीच' (1985) काढला, पुन्हा सेटन झाला आणि त्यानंतर परायाह. त्यातले स्टीव्ह रॅम्झी आणि ग्रॅम इंग्लिश पुढे स्कायक्लॅड या बँडमध्ये. एका पानावरून एवढं हाती लागतं! 'कोर्ट इन द ॲक्ट' हेडफोन लावून ऐकाच. रॅम्झी आणि टिपिन्सच्या गिटारी रिफच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यांच्या) मधल्या फटीसुद्धा सुरांनी भरून टाकतात.

डेमोशोधक:
वरच्याला जोड. तिथल्याच प्रगत शोधात अल्बमचा विभाग घ्या, एक देश निवडा, दोन-तीन वर्षांचाच पट्टा द्या. सगळं दशक एकदम घेतलं तर यादी आवरत नाही. प्रकारात फक्त पूर्ण अल्बम ठेवू नका. तेव्हाचे कितीतरी बँड एखाद्या सिंगलवर किंवा डेमोवरच (कच्च्या नमुना रेकॉर्डिंगवरच) संपले. पेगन ऑल्टरचं 1982 चं रेकॉर्डिंग तर अल्बम म्हणून थेट 1998 मध्ये आलं, ते अशा चाळणीतून हमखास निसटतं.

जुनी संकलनंही धुंडाळा. 'मेटल मॅसॅकर' (1982) सगळे मेटॅलिकासाठी लावतात, पण सिरिथ उंगोल हा बँडही त्याच्यावरच आहे. त्यांच्या 'किंग ऑफ द डेड'पासून (1984) सुरुवात करा. टिम बेकरचा चिरका आवाज पहिल्यांदा खटकतो. दोन-तीनदा ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका.

बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानावर खरेदीदारांची छोटी चित्रं असतात. तुमच्या आवडीचे तीन-चार अनोळखी अल्बम ज्याच्या संग्रहात आहेत, त्याचा उरलेला संग्रह चाळा. माझ्या मते याहून भरवशाची शिफारस नाही.

रिफवेडा:
मनापासून आभार. एक शंका: काही पुनःप्रकाशनं ऐकताना कान दुखतात. रेकॉर्डिंगच तसं, की रीमास्टरचा (जुन्या रेकॉर्डिंगवर नव्याने केलेल्या ध्वनिसंस्काराचा) दोष?

खालची_तार:
बहुतेक वेळा रीमास्टरचा. आवाज मोठा करताना चढउतार दाबले जातात, स्नेअर ड्रमचा ठोका चपटा होतो, झांजा फरफरतात. डायनॅमिक रेंजच्या (आवाजातल्या चढउताराच्या) ऑनलाइन डेटाबेसमध्ये त्या आवृत्तीचा आकडा बघा; आकडा मोठा तितके चढउतार शाबूत. जुन्या सीडीचा 11-12 आणि नव्याचा 5-6 असेल तर जुनी शोधा. मात्र एलपीचा आकडा सीडीशी ताडू नका, एकाच मास्टरवरूनसुद्धा एलपीचा आकडा जास्त येऊ शकतो. हाय रोलर या लेबलची (रेकॉर्ड कंपनीची) पुनःप्रकाशनं साधारणपणे जपून केलेली असतात, त्यांची यादी चाळली तरी नवे बँड सापडतील.

आणि एकाच नावाचे बँड स्ट्रीमिंगवर एका पानात मिसळतात. देश, वर्ष, लेबल जुळतंय का ते आधी बघा.