मदत हवी आहे : मल्चिंगवरच्या काकडीला रोज किती पाणी?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते, मामांची शेती मुरबाडकडे. उन्हाळी काकडी, ठिबक, वर मल्चिंग पेपर. मामा पेपर उचलून बोटांनी माती चाचपतात आणि कॉक सोडतात. मी एक्सेल घेऊन बसलेय. (त्यांचा भरवसा बोटांवर जास्त, आणि ते रास्तच म्हणा.)

हिशोब असा: संदर्भ बाष्पोत्सर्जन (गवताच्या जमिनीतून आणि पानांतून मिळून उडणारं पाणी) दिवसाला ५ मिमी धरलं, एफएओ-५६ (अन्न व कृषी संघटनेची पिकाच्या पाण्याच्या हिशोबाची पुस्तिका) मधला काकडीचा भर वाढीतला पीक गुणांक (ज्याने ते ५ मिमी गुणलं की पिकाची गरज निघते) १.०, म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० लिटर. पण तीच पुस्तिका म्हणते, प्लॅस्टिक मल्चिंग असेल तर गुणांक १० ते ३० टक्के कमी धरा. आता १० धरू की ३०? गुंठ्यामागे रोज १०० लिटरचा फरक पडतो, आणि मे महिन्यात विहिरीत तेवढंही जड जातं.

जमीन मुरमाड, पाणी धरत नाही. अशा जमिनीत कुणी टेन्शिओमीटर (मातीतला ओलावा दाखवणारं काट्याचं उपकरण) लावलाय का? किती खोल, आणि काटा कितीवर आला की पाणी सोडता? शिवाय बाष्पीभवन पात्राच्या (उघड्या पात्रातून रोज किती पाणी उडतं ते मोजतात, त्या) रोजच्या नोंदी कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात मागितल्या तर देतात का? मोबाईलवरच्या हवामानाच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही.