शब्दचर्चा: सिग्निफिकंट, कन्सिडरेबल, सबस्टॅन्शियल, तिन्ही 'लक्षणीय' कसे?

दारव्हेकर
आयेल्ट्सच्या (परदेशी शिक्षणासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) अकॅडमिक परीक्षेची तयारी करून राहिलो. शब्दांच्या पुस्तकात वरच्या तिन्ही शब्दांपुढे 'लक्षणीय' एवढंच छापलं आहे. मग एकाच्या जागी दुसरा घातला तर चालते का? आणि यादी कोणती धरावी? कोणी हजार शब्द सांगते, कोणी तीन हजार. इकडे क्लास नाही, रोज यवतमाळ परवडत नाही.

चिखलीकर सर
तिन्हींत मोठेपणा आहे, पण जात वेगळी.

सिग्निफिकंट म्हणजे ज्याची दखल घ्यावीच लागेल असा. आकडा लहान असला तरी चालतो. संशोधनाच्या उताऱ्यात तर त्याला संख्याशास्त्राचा अर्थ येतो. कपाशीच्या दोन वाणांच्या उत्पादनातला फरक 'सिग्निफिकंट' आहे असं लिहिलं, तर त्याचा अर्थ असा की वाणांत खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढी तफावत दिसण्याची शक्यता ठरवलेल्या मर्यादेच्या (बहुधा ५ टक्क्यांच्या) आत आहे. मग तो फरक एकरी अर्ध्या क्विंटलचा का असेना.

कन्सिडरेबल म्हणजे बराच. हा शब्द मोजमापाजवळ आणि न मोजता येणाऱ्या गोष्टींजवळ शोभतो: कन्सिडरेबल एफर्ट, कन्सिडरेबल डिले, कन्सिडरेबल प्रेशर. 'कन्सिडरेबल फार्मर्स' होत नाही, 'अ कन्सिडरेबल नंबर ऑफ फार्मर्स' म्हणावं लागतं. आणि 'कन्सिडरेट' हा वेगळाच शब्द आहे, दुसऱ्याचा विचार करणारा माणूस. घाईत या दोघांची अदलाबदल फार होते.

सबस्टॅन्शियलला मराठीत 'भरीव' हा नेमका शब्द आहे. भरीव पुरावा, भरीव रक्कम, भरीव वाटा. पुस्तकवाल्यांनी तो का वापरला नाही कोण जाणे.

आलेखातल्या वाढीपुढे तिन्ही चालतात. 'रोल'पुढे सिग्निफिकंट घ्या.

वरुडची
दारव्हेकर भाऊ, यादीचं मी सांगते. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' घ्या. २००० साली प्रसिद्ध झाली, इंटरनेटवर फुकट आहे. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून त्यातून ५७० शब्दकुळं काढली आहेत. कूळ म्हणजे ॲनलाइझ, ॲनॅलिसिस, ॲनॅलिटिकल हे सगळे मिळून एक. इंग्रजीतले नेहमीचे साधारण २,००० शब्द आधीच बाजूला काढलेले आहेत, तेव्हा ते पक्के नसतील तर ही यादी उघडूच नका.

यादीचे १० भाग आहेत. पहिल्या नऊ भागांत ६०-६० कुळं, दहाव्यात ३०. क्रम वापराच्या प्रमाणात लावला आहे. शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द या यादीतले असतात. त्यात एकट्या पहिल्या भागाचा वाटा ३.६ टक्के आणि दहाव्याचा जेमतेम ०.१. म्हणून ए-बी-सी-डीच्या क्रमाने पाठ करणं म्हणजे मेहनत वाया. वेळ कमी असेल तर पहिले पाच भाग चोख करा.

इरिगेशनसारखे एकाच विषयाचे शब्द यात मिळणार नाहीत. चारही शाखांत भेटणारेच शब्द घेतले आहेत.

वणीकर
ताई, यादी बरोबर, पण वाचनात माणूस अडतो तो ओळखीच्या शब्दांवर. अनोळखी शब्द दिसला की आपण सावध होतो. ओळखीचा दिसला की शाळेतला अर्थ लावून पुढे सरकतो आणि वाक्य उलटं समजतं. उदाहरण पाहा: 'द स्कीम फेल्स टु ॲड्रेस द लॅक ऑफ इरिगेशन.' इथे ॲड्रेस म्हणजे पत्ता नाही. योजना ओलिताच्या प्रश्नाला हातच घालत नाही, असा अर्थ.

असे आणखी किती तरी. 'आर्ग्यू' म्हणजे भांडणं नाही, कारणं देऊन मत मांडणं. 'डिसिप्लिन' म्हणजे शिस्त खरी, पण विद्यापीठात ज्ञानशाखा. 'नॉव्हेल अप्रोच'मध्ये कादंबरी नाही, नवी पद्धत आहे. 'इश्यू' नियतकालिकाचा अंकही असतो. 'कल्चर' प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू. 'सँक्शन' तर मंजुरीही आणि निर्बंधही, आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

'सजेस्ट'ला वेगळी खूण करून ठेवा. 'द फाइंडिंग्ज सजेस्ट' म्हणजे निष्कर्षांवरून असं दिसतं, खात्री नाही. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनच्या (खरं, खोटं, उताऱ्यात दिलेलं नाही) प्रश्नात उतारा 'सजेस्ट' म्हणतो आणि विधान 'प्रूव्ह' म्हणतं. तिथे ट्रू लिहिलं की गुण गेला. मे, टेंड टु, लार्जली हे शब्दही त्याच कामाचे.

दारव्हेकर
हे बेस सांगितलं वणीकर भाऊ. आता लिहिण्याचं सांगा. आलेखात 'इन्क्रीज' शब्द किती वेळा लिहावा? शब्द बदलले की बँड (गुणांची श्रेणी) वाढतो म्हणतात.

पातूरचा
अर्धं खरं. लिखाणात शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन आहे, दोन्ही टास्कला (पहिला आलेख-तक्त्याचं वर्णन, दुसरा निबंध). पण तपासणारा नुसते निराळे शब्द मोजत नाही, शब्द आपल्या जागी बसला का ते पाहतो. ५ टक्क्यांच्या वाढीला 'स्कायरॉकेटेड' (आभाळाला भिडलं) लिहिलं तर उलट उघडं पडतं. 'प्लेथोरा'चं तसंच. त्यात 'गरजेपेक्षा जास्त' ही छटा आहे, म्हणून 'प्लेथोरा ऑफ बेनिफिट्स' कानाला खटकतं. क्लासच्या नोट्समध्ये मात्र हमखास असतं.

शब्दापेक्षा रचना बदला. 'रोज शार्पली' एकदा, 'अ शार्प राइज इन' एकदा. गुण जास्त जातात ते बाय आणि टुमध्ये. समजा तक्त्यात सोयाबीनचा पेरा ४० हेक्टरवरून ६० वर गेला. 'रोज बाय ट्वेंटी हेक्टर्स', म्हणजे २० ने. 'रोज टु सिक्स्टी', म्हणजे ६० पर्यंत. आपला 'ने' म्हणजे बाय, 'पर्यंत' म्हणजे टु, एवढं धरलं तर चूक होत नाही. टक्क्यांत अजून एक फास आहे. वाटा ४० टक्क्यांवरून ६० टक्के झाला तर ती वाढ २० 'पर्सेंटेज पॉइंट्स'ची. 'बाय ट्वेंटी पर्सेंट' लिहिलं तर ४० चे ४८ होतात.

गोल तक्त्यासाठी 'अकाउंट फॉर' शिका: 'कॉटन अकाउंटेड फॉर हाफ ऑफ द एरिया', क्षेत्रातला अर्धा वाटा कापसाचा.

प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली तर ते शब्द तुमच्या खात्यात धरत नाहीत. टास्क १ ला किमान १५० आणि टास्क २ ला किमान २५० शब्द लागतात, ते स्वतःचे हवेत. दुसऱ्या टास्कचं वजन दुप्पट आहे, म्हणून ६० पैकी ४० मिनिटं त्याला.

चिखलीकर सर
पातूरच्या 'ने-पर्यंत'ला माझी जोड. मराठी विभक्ती इंग्रजीत नेली की कुठे कुठे घसरतं:

'विषयी चर्चा करणे' म्हणून 'डिस्कस अबाउट' होतं. नुसतं डिस्कस. 'वर भर देणे' म्हणून 'एम्फसाइझ ऑन'. नुसतं एम्फसाइझ. नामाला मात्र ऑन लागतो, 'एम्फसिस ऑन'. 'लॅक' क्रियापद असेल तर ऑफ नाही, 'व्हिलेजेस लॅक वॉटर'. नाम असेल तर 'लॅक ऑफ वॉटर'. 'डिस्पाइट ऑफ' कधीच नाही.

रिसर्च, एव्हिडन्स, इक्विपमेंट, इन्फर्मेशन यांना एस लावायचा नाही. रिसर्च 'मेक' करत नाहीत, 'डू' किंवा 'कंडक्ट' करतात.

वरुडची
म्हणूनच शब्द पाठ करायच्या कार्डावर नुसता मराठी अर्थ लिहायचा नाही. एका बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द, त्याचं कूळ, त्याच्यासोबत येणारे दोन शब्द आणि पुढे येणारं अव्यय. मराठी अर्थ कोपऱ्यात बारीक. वाक्य शिकणाऱ्यांच्या इंग्रजी-इंग्रजी कोशातलं घ्या, ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा केंब्रिज. न मोजता येणारं नाम कोणतं हे त्यात खूण करून दिलेलं असतं.

रोज ६ कुळं, आठवड्यातून ५ दिवस. आठवड्याला ३० होतात, म्हणजे अख्खी यादी १९ आठवड्यांत. उरलेले दोन दिवस नवीन काही नाही, फक्त उजळणी. कार्ड दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी पाहायचं. चुकलं की परत पहिल्या दिवसावर. फोनवर अँकी नावाचं ॲप हे काम स्वतःच करते आणि नेट नसलं तरी चालते. लाईनचा भरोसा नसेल तर कागदाची कार्डं आणि चार खोके, काही फरक पडत नाही.

रोज २० शब्द घेणारे तिसऱ्या आठवड्यात थांबतात. नवे शब्द जड जात नाहीत, उजळणीचा ढीग जड जातो.

वणीकर
आणि हे सगळे शब्द बोलण्याच्या परीक्षेत ओतू नका. ११ ते १४ मिनिटांच्या गप्पांत 'आय कमेन्स्ड माय ब्रेकफास्ट' म्हणणं म्हणजे पानठेल्यावर तलाठ्याच्या भाषेत 'सदर इसम' म्हणत चहा मागणं.

उच्चारात जोराकडे लक्ष द्या, नाहीतर ऐकताना पाठ असलेला शब्दही ओळखू येत नाही. ॲनलाइझमध्ये जोर 'ॲ'वर, ॲनॅलिसिसमध्ये 'नॅ'वर, ॲनॅलिटिकलमध्ये 'लि'वर. 'डिटर्मिन' म्हणा, डिटरमाइन नाही. ॲक्सेस आणि असेस यांतला 'क' नीट ऐका.

दारव्हेकर
धन्यवाद जी सर्वांना. शेवटचं एक, स्पेलिंग अमेरिकन चालते का? लेबरमध्ये यू घालू की नको?

पातूरचा
दोन्ही चालतात. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. चुकीचं स्पेलिंग मात्र लिसनिंगमध्येही गुण खातं. गव्हर्नमेंटमधला एन आणि एन्व्हायर्नमेंटमधला मधला एन वीस वेळा हाताने लिहून काढा.